नागपूर ते चिल्का : नौदलाच्या प्राथमिक प्रशिक्षणाचा अनुभव

नौदलात नाविक म्हणून निवड झालेल्यांचे प्राथमिक प्रशिक्षण ओडिशातील आयएनएस चिल्का येथे होते. खुर्दा जिल्ह्यात, चिल्का सरोवराच्या काठी १९८० सालापासून ही आस्थापना कार्यरत आहे. मी अग्निवीर (एसएसआर, म्हणजे बारावीच्या पात्रतेवर होणारी ‘सीनियर सेकंडरी रिक्रूट’ भरती) म्हणून ०२/२०२३, म्हणजे २०२३ च्या दुसऱ्या तुकडीत तेथे दाखल झालो आणि १५ मार्च २०२४ च्या दीक्षान्त संचलनात सहभागी झालो. नागपुरात भूदलाची आणि वायुदलाची माहिती सहज मिळते, कारण कामठीची छावणी जवळ आहे आणि वायुसेनानगर तर शहरातच आहे. नौदलाबद्दल मात्र कोणाला विचारावे हेच कळत नाही. माझ्या घरातही समुद्रावर नोकरी केलेले कोणी नव्हते, म्हणून अर्जापासून संचलनापर्यंतचा हा प्रवास क्रमाने लिहितो आहे. आस्थापनेची अंतर्गत मांडणी, अधिकाऱ्यांची वा सोबत्यांची नावे आणि सुरक्षेशी संबंधित कोणतीही बाब यात नाही, आणि ती असूही नये.

आमच्या तुकडीचे अर्ज २९ मे ते १५ जून २०२३ या काळात ऑनलाइन भरायचे होते. एसएसआरसाठी गणित आणि भौतिकशास्त्रासह बारावी उत्तीर्ण असणे आवश्यक होते आणि रसायनशास्त्र, जीवशास्त्र किंवा संगणकशास्त्र यांपैकी एक विषय असावा लागत होता. वयोमर्यादा साडेसतरा ते एकवीस वर्षे होती आणि उमेदवार अविवाहित असणे बंधनकारक होते. परीक्षा शुल्क ५५० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ६४९ रुपये इतके होते. अटी तुकडीगणिक बदलतात, त्यामुळे दरवेळी त्या त्या तुकडीची मूळ जाहिरातच वाचावी. कोचिंग क्लासच्या फलकावर विसंबू नये.

अर्ज भरण्याआधी आम्ही घरी बसून अग्निवीराच्या चार वर्षांच्या सेवेचा हिशेब मांडला आणि प्रत्येक घराने तो मांडावा असे मला मनापासून वाटते. पहिल्या वर्षी दरमहा ३०,००० रुपयांचे पॅकेज असते. त्यातील ९,००० रुपये अग्निवीर निधीत जमा होतात आणि २१,००० रुपये हाती येतात. दुसऱ्या वर्षी ३३,०००, तिसऱ्या वर्षी ३६,५०० आणि चौथ्या वर्षी ४०,००० असे हे पॅकेज वाढत जाते. कपात झालेल्या रकमेइतकीच रक्कम सरकार घालते आणि चार वर्षांनी दोन्ही मिळून सुमारे १०.०४ लाख रुपये व त्यावरील व्याज मिळते. ४८ लाखांचे विमासंरक्षण असते. निवृत्तिवेतन किंवा ग्रॅच्युइटी नसते. चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीरांनाच कायम सेवेत घेतले जाते. बाबांनी हे सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, की पाचव्या वर्षी काय करशील. हा प्रश्न त्यांनी आधीच विचारला हे चांगले झाले, कारण पदवीचे शिक्षण बाहेरून चालू ठेवायचे हे आम्ही त्याच दिवशी ठरवले.

अर्ज भरल्याबरोबर मी कागदपत्रांच्या मागे लागलो. वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र सेतू केंद्रातून किंवा आपले सरकार संकेतस्थळावरून मिळते. त्याचे शासकीय शुल्क नाममात्र असते, खरा प्रश्न वेळेचा असतो. दहावी-बारावीच्या निकालानंतर प्रवेशासाठी लागणाऱ्या दाखल्यांची गर्दी नेमकी जून-जुलैत होते आणि आपला अर्ज त्या ढिगात अडकतो. एका कार्यालयात माझ्या वडिलांच्या नावातील एका अक्षराचा फरक काढून अर्ज परत पाठवण्यात आला. शाळा सोडल्याचा दाखला, दहावीची गुणपत्रिका, आधार आणि पॅन या सर्वांवर स्वतःचे, आईचे आणि वडिलांचे नाव तंतोतंत सारखे आहे का, हे निकालाची वाट न पाहता तपासावे. निवड झाल्यावर हातात थोडेच दिवस उरतात आणि तेव्हा नावातील बदलाच्या राजपत्रासाठी धावपळ करणे फार कठीण जाते.

पहिला टप्पा म्हणजे संगणकावरील प्रवेश परीक्षा. इंग्रजी, विज्ञान, गणित आणि सामान्यज्ञान या चार विभागांत मिळून १०० प्रश्न असतात, वेळ ६० मिनिटांचा असतो आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा होतो. इंग्रजी विभाग सोडला तर प्रश्न हिंदी आणि इंग्रजीत असतात, मराठीत नसतात. मराठी माध्यमातून शिकलेल्या माझ्या मित्रांना विज्ञान येत होते, पण प्रश्नातील संज्ञा ओळखीच्या नव्हत्या. प्रवेग, संवेग, अपवर्तन यांचे इंग्रजी आणि हिंदी प्रतिशब्द वहीत लिहून पाठ केल्यावर त्यांची अडचण बरीच कमी झाली. माझे केंद्र हिंगणा मार्गावर होते. तपासणी, बायोमेट्रिक नोंद आणि रांग यांत परीक्षेपेक्षा जास्त वेळ जातो, म्हणून पोट भरून आणि पाणी पिऊन जावे.

धावण्याची तयारी मात्र परीक्षेच्या कितीतरी आधी सुरू केली होती. आमच्या तुकडीसाठी मुलांना १.६ किलोमीटर अंतर साडेसहा मिनिटांत पार करायचे होते, त्यासोबत २० उठाबशा आणि १२ पुश-अप्स होते. मुलींना तेच अंतर आठ मिनिटांत, १५ उठाबशा आणि १० सिट-अप्स. नंतरच्या तुकड्यांत पुश-अप्स आणि सिट-अप्स वाढवलेले आहेत. मे-जूनमध्ये नागपुरात सकाळी सात वाजताच ऊन अंगावर येते, त्यामुळे पहाटे पाचला मानकापूरच्या क्रीडासंकुलाच्या बाजूला धावायला जात असे. साडेसहा मिनिटे ही वेळ ऐकायला सोपी वाटते, परंतु भरतीच्या दिवशी शंभर जणांच्या घोळक्यात सुरुवातीचे दोनशे मीटर धक्काबुक्कीत जातात आणि लय बिघडते. म्हणून सरावात सहा मिनिटांच्या आत येण्याचे लक्ष्य ठेवावे, म्हणजे त्या दिवशी हाताशी वेळ उरतो.

दुसऱ्या टप्प्यासाठी माझे केंद्र मुंबईला आले. रात्रीच्या गाडीने निघून सकाळी उतरल्याबरोबर थेट धावायला उभे राहणे शहाणपणाचे नाही. आम्ही एक दिवस आधी गेलो आणि ओळखीच्या घरी मुक्काम केला. प्रवास, जेवण आणि छायाचित्रे-झेरॉक्स धरून सुमारे अडीच हजार रुपये खर्च आला. आधी शारीरिक चाचणी होते. त्यात उत्तीर्ण होणाऱ्यांची लेखी परीक्षा होते आणि मग वैद्यकीय तपासणी. सकाळी सोबत उभी असलेली मुले दुपारी दिसेनाशी होतात. कोणी कोणाला काही बोलत नाही, पण मनावर दडपण येते.

वैद्यकीय तपासणीविषयी नागपुरात सर्वांत जास्त अफवा ऐकल्या, म्हणून हा भाग सविस्तर लिहितो. आमच्या तुकडीच्या वेळी एसएसआरसाठी चष्म्याविना एका डोळ्याची दृष्टी ६/६ आणि दुसऱ्याची ६/९ असावी लागत होती. दातांच्या तपासणीत किमान १४ गुण असावे लागतात आणि हिरड्या निरोगी असाव्या लागतात. कानातला मळ आणि दातांवरचा थर आधीच काढून यावे अशी स्पष्ट सूचना जाहिरातीत असते, तरीही त्याच कारणासाठी थांबवलेली मुले मी पाहिली. दात स्वच्छ करून घ्यायला मला आठशे रुपये लागले आणि कानाच्या डॉक्टरांची फी वेगळी. गोंदण फक्त हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि तळहाताच्या मागच्या बाजूला चालते. गुडघे एकमेकांना लागणे, सपाट तळवे, शिरा फुगणे हेही बारकाईने पाहतात. या टप्प्यावर अपात्र ठरल्यास निर्दिष्ट लष्करी रुग्णालयात जास्तीत जास्त २१ दिवसांच्या आत अपील करता येते. माझ्यासोबतच्या अमरावतीच्या एका मुलाने अपील केले आणि तो पात्र ठरला, म्हणून तेथे लिहिलेला शब्द अंतिम समजून परतीची गाडी धरू नये. मात्र चिल्का येथे होणाऱ्या अंतिम तपासणीत अपात्र ठरल्यास पुढे अपील नसते. म्हणूनच घर सोडण्यापूर्वी एखाद्या निवृत्त लष्करी डॉक्टरांकडून किंवा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडून पूर्ण तपासणी करून घेणे हा खर्च वाया जात नाही.

गुणवत्ता यादीची वाट पाहण्याचे आठवडे मला सर्वांत जड गेले. शेजारी रोज विचारत आणि सांगण्यासारखे काही नसे. त्या काळात मी पोहायला शिकलो, आणि या संपूर्ण लेखातून विदर्भातल्या मुलांनी एकच गोष्ट घ्यायची असेल तर ती ही घ्यावी. आपल्याकडे विहिरीत पोहणारी पिढी मागे गेली आणि शहरातल्या मुलांचा पाण्याशी संबंध अंबाझरी तलावाच्या काठावर फिरण्यापुरता उरला. महिन्याचे दीड हजार रुपये भरून मी एका तरणतलावात नाव घातले आणि पंचवीस मीटर न थांबता जाण्याइतकी तयारी झाली. त्याचा उपयोग पुढे सांगतो.

यादीत नाव आल्यावर कॉल-अप लेटर डाउनलोड करायचे असते आणि त्यासोबतच्या नमुन्यात पोलीस पडताळणी करून न्यायची असते. पोलीस ठाण्यात स्वतः जावे, नम्रपणे तारीख दाखवावी आणि पोच घ्यावी. माझी पडताळणी दिवाळीच्या सुट्ट्यांच्या तोंडावर आली होती, त्यामुळे बाबा माझ्यासोबत रोज ठाण्यात येऊन बसत. मूळ कागदपत्रांचा एक संच, साक्षांकित प्रतींचे काही संच, भरपूर छायाचित्रे आणि बँकेचे पासबुक एका जलरोधक फोल्डरमध्ये ठेवले. सामानात कॉल-अप लेटरमधील यादीपलीकडे काहीही नेऊ नये; मी पाहिलेल्या मोठमोठ्या बॅगा चार महिने बंद पडून राहिल्या.

नोव्हेंबर २०२३ मध्ये रायपूरमार्गे जाणाऱ्या गाडीने मी ओडिशाला गेलो. खुर्दा रोडला उतरल्यावर त्याच वयाची, तशाच फायली छातीशी धरलेली मुले फलाटावर सगळीकडे दिसली आणि पहिल्यांदा धीर वाटला. आत गेल्यावर सुरुवातीचे दिवस कागदपत्रांची छाननी आणि अंतिम वैद्यकीय तपासणी यांत जातात. त्या काळात आपण अजून अग्निवीर नसतो, केवळ उमेदवार असतो, आणि ही जाणीव सतत टोचत राहते. माझ्या शेजारच्या पलंगावरचा मुलगा याच तपासणीत परत गेला. त्याने आपले नवे कुलूप आणि साबणाची डबी मला दिली आणि काही न बोलता बॅग उचलली. निघालेल्या मुलाला काय म्हणावे ते मला त्या वेळी सुचले नाही. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांनी आणि त्यांच्या आईवडिलांनी हे लक्षात ठेवावे, की कानाच्या पडद्याचा किंवा हाडाच्या ठेवणीचा दोष हा कोणाच्या मेहनतीवरचा शेरा नसतो.

नावनोंदणी झाली, केस कापले गेले, गणवेश मिळाले, मोबाइल जमा झाला, आणि दिवसाला वेगळीच गती आली. अंधारात उठायचे, दाढी करायची, पलंग नीट लावायचा, फॉल-इन व्हायचे (रांगेत उभे राहायचे), पीटी, न्याहारी, आठ वाजता ध्वजारोहणाचे ‘कलर्स’, मग परेड आणि वर्ग, दुपारनंतर खेळ किंवा पोहणे, संध्याकाळी अभ्यास, रात्री राउंड्स, म्हणजे पाहणीची फेरी, आणि दिवे बंद. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी चालत जाणे नाहीच. सगळीकडे ‘डबल’, म्हणजे धावतच. खोलीला मेस-डेक म्हणतात, स्वयंपाकघराला गॅली, स्वच्छतागृहाला हेड्स, सोबत्याला शिपमेट. जमिनीवर असलो तरी जहाजावर असल्यासारखेच बोलायचे असते आणि पंधरवड्यात तोंडाला ते वळण पडते.

पहिले तीन आठवडे शरीरापेक्षा घड्याळाचा त्रास अधिक होतो. चार मिनिटांत गणवेश बदलून बाहेर उभे राहायचे असते आणि एक जण उशिरा आला तर पूर्ण डिव्हिजनला, म्हणजे आमच्या गटाला, रगडा (शिक्षेची कसरत) लागतो. सुरुवातीला उशीर करणाऱ्याचा सर्वांना राग येतो, नंतर हळूहळू कोणी त्याचे बूट पॉलिश करून ठेवू लागतो, कोणी त्याची चादर ओढून देतो. आमच्या डिव्हिजनमध्ये हरियाणा, केरळ, बिहार, आंध्र अशा सगळीकडची मुले होती. हिंदी कामापुरती सर्वांची होते, पण मराठी कानावर पडली की माणूस आपोआप तिकडे वळतो. कोल्हापूरच्या एका मुलाने मला बुटांना पाण्याचा हात देऊन चकाकी आणायला शिकवले. घरी फोन करायला ठरावीक वेळच मिळे. पहिल्या फोनवर आईने विचारले, “जेवण तर भेटते ना बरोबर?” तेव्हा गळा दाटून आला होता, म्हणून मी फक्त “हो” म्हणालो. जेवण खरोखरच भरपूर असते. भात, डाळ, पोळी, भाजी, अंडी, दूध यांची कमतरता नसते, मात्र खायला वेळ थोडा असतो आणि नागपुरी तिखटाची सवय सोडावी लागते. मुलांनी घरी असतानाच चहा-नाश्त्याच्या वेळा आणि रात्रीचे जागरण सोडलेले बरे.

पाय सांभाळणे ही एक स्वतंत्र शिस्त आहे. नवे बूट, दिवसभराचे धावणे आणि काँक्रीटवरची परेड यांमुळे आधी फोड येतात आणि नंतर नडगीचे हाड दुखू लागते. फोड फोडू नयेत, रात्री पाय धुऊन कोरडे करावेत, मोजे रोज बदलावेत. नडगी दुखत असेल तर मात्र ते लपवू नये. मागे पडण्याच्या भीतीने पुष्कळ मुले दुखणे दाबतात, पुढे हाडाला बारीक चीर पडते आणि जेथे चार दिवसांची विश्रांती पुरली असती तेथे पुढच्या तुकडीत जाण्याची वेळ येते. सिक-बेमध्ये (दवाखान्यात) वेळेवर गेलेल्या मुलांना कमकुवत समजले जाते हा समज चुकीचा आहे. आमचे इन्स्ट्रक्टर स्वतःच संध्याकाळी पाय पाहत असत.

आता पोहण्याविषयी. तेथे पोहता न येणाऱ्यांना शिकवले जाते आणि चांगले शिकवले जाते. पण ते शिकणे इतर सर्व कामांच्या वर पडते. ज्या वेळात इतर मुले कपडे धुतात किंवा अभ्यास करतात, त्या वेळात पोहता न येणारी मुले पाण्यात असतात आणि रविवारची विश्रांतीही त्यात जाते. विदर्भ, मराठवाडा आणि राजस्थानातली मुले या गटात मोठ्या संख्येने होती. मला पोहता येत होते, तरीही उंच फळीवरून उडी मारणे वेगळेच निघाले. वर गेल्यावर पाणी फार खाली आणि फार लहान दिसते. मागे रांग उभी असते, खाली इन्स्ट्रक्टर नाव पुकारतात, आणि पाय फळीला चिकटून राहतात. मला सांगितलेली युक्ती साधी होती: खाली पाहायचे नाही, समोरच्या भिंतीवर नजर ठेवायची, हात शरीराला घट्ट लावायचे, पाय जुळवायचे आणि एक पाऊल टाकायचे, उडी मारायचीच नाही, फक्त पाऊल टाकायचे. नाकात पाणी गेले, छाती धडधडली, पण वर आल्यावर लगेच पुन्हा रांगेत उभा राहिलो, कारण मध्ये वेळ गेला असता तर भीती परत आली असती. पाण्यात जागच्या जागी तरंगणे हेही घरून शिकून यावे. नागपुरातल्या तरणतलावांत केवळ वेग आणि स्ट्रोक शिकवतात. प्रशिक्षकाला मुद्दाम सांगून तरंगण्याचा सराव मागावा.

वर्गात नौदलाचा इतिहास, हुद्दे, जहाजांचे प्रकार, दोरांच्या गाठी, आग विझवणे, प्रथमोपचार असे विषय असतात. डोळ्यांवर झोप येते, उभे राहून ऐकण्याची परवानगी असते आणि ती घ्यावी. गाठींचा सराव बुटाच्या नाडीवरही करता येतो. ४ डिसेंबरला नौदल दिन असतो, १९७१ च्या कराचीवरील हल्ल्याच्या स्मरणार्थ. त्या वर्षी त्याचा मुख्य सोहळा मालवणजवळ, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात झाला. नौदलाच्या नव्या ध्वजावरील अष्टकोन छत्रपती शिवाजी महाराजांच्या मुद्रेवरून घेतला आहे, हे सगळ्यांना वर्गात शिकवले जाते. केरळच्या शिपमेटने त्या रात्री मला सिंधुदुर्ग कुठे आहे, तू तो पाहिला आहेस का, असे विचारले. मी नागपूरचा, मालवणपासून जवळजवळ हजार किलोमीटर दूर वाढलेला. मी तो पाहिलेला नव्हता, परंतु त्याचा इतिहास मला शाळेपासून पाठ होता आणि तो मी त्याला दिवे बंद होईपर्यंत सांगितला.

फेब्रुवारीपर्यंत शरीर सरावते. नेमबाजी, होड्या वल्हवणे, लांब पल्ल्याची धाव हे सगळे त्या सुमारास होते. नोव्हेंबरच्या तुकडीला हवामानाची सोबत मिळते. मेमध्ये जाणाऱ्यांनी मात्र दमट उन्हाची तयारी ठेवावी. नागपूरचे ऊन आपण कोरडे सोसलेले असते, तेथे घाम वाळत नाही, त्यामुळे पाणी आणि मीठ याकडे पहिल्या दिवसापासून लक्ष द्यावे. परीक्षा, परेड किंवा पोहणे यांपैकी एखाद्यात अनुत्तीर्ण झाल्यास पुन्हा संधी मिळते आणि तरीही न जमल्यास पुढच्या तुकडीत जावे लागते. आमच्यातले काही जण असे मागे राहिले, आणि निरोप घेताना त्यांच्याइतकेच आम्हालाही वाईट वाटले.

संचलनाची तयारी अनेक आठवडे चालते. १५ मार्च २०२४ रोजी सुमारे २६०० अग्निवीर त्यात सहभागी झाले; आमच्यासोबत प्रशिक्षण घेतलेल्या मुलीही त्यात होत्या. आईबाबा नागपूरहून आले होते. पालकांच्या पासची नोंद आधीच करावी लागते, ओळखपत्राचे मूळ सोबत हवे असते आणि मुक्कामासाठी बालुगाव किंवा भुवनेश्वरला आधी खोली ठरवलेली बरी, कारण त्या दिवसांत शेकडो कुटुंबे एकाच वेळी येतात. दोघांचा प्रवास आणि राहणे मिळून सुमारे नऊ हजार रुपये लागले. आईने भेटल्यावर आधी माझे पाय पाहिले.

पुढे शाखेनुसार व्यावसायिक प्रशिक्षण असते: अभियांत्रिकीसाठी लोणावळ्याचे आयएनएस शिवाजी, विद्युत शाखेसाठी जामनगरचे आयएनएस वलसुरा, तोफखान्यासाठी कोचीचे आयएनएस द्रोणाचार्य. कोणती शाखा मिळेल हे गुण आणि सेवेची गरज यांवर ठरते, म्हणून चिल्कामधल्या लेखी परीक्षा गांभीर्याने घ्याव्यात. घरच्यांसाठी एक काम उरते. मुलाचा फोन बंद असलेल्या चार महिन्यांत बँक, महाविद्यालय, शिष्यवृत्ती यांचे निरोप त्याच क्रमांकावर येत राहतात. निघण्यापूर्वी हे सर्व व्यवहार वडिलांच्या किंवा आईच्या क्रमांकाला जोडून घ्यावेत आणि सर्व मूळ कागदपत्रांची स्कॅन केलेली एक प्रत घरी ठेवावी. माझ्या बाबतीत महाविद्यालयाच्या परीक्षा अर्जाची मुदत जानेवारीत आली होती आणि बाबांनी तो अर्ज त्या प्रतींवरूनच भरला.